'घोस्ट'मधलं भूत

मराठी माध्यमात शिकलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, इंग्रजी स्पेलिंग पाठ करायची त्याची एक खास पद्धत असते. शब्दाचा खरा उच्चार बाजूला ठेवायचा आणि अक्षरं दिसतात तसा तो मनातल्या मनात वाचायचा. वेड-नेस-डे. क्नाइफ. इस-लँड. डेब्ट. रिसीप्ट. परीक्षेत हात बरोबर चालतो, मार्क मिळतात, आणि शब्द तोंडानं म्हणायची वेळ फारशी येतच नाही. ती येते थेट नोकरी लागल्यावर. भर मीटिंगमध्ये कोणीतरी 'रिसीप्ट' म्हणतो आणि टेबलाच्या पलीकडे दोघं एकमेकांकडे बघून हळूच हसतात.

हे हसणं कुठून येतं याचा शोध घ्यायला बसलो आणि दोन शनिवार त्यातच गेले. इंग्रजी स्पेलिंगचा इतिहास हा प्रकार भलताच मनोरंजक निघाला. वरच्या पाच 'चुकीच्या' उच्चारांपैकी वेडनेसडे आणि क्नाइफ हे एके काळी जवळजवळ बरोबर होते. उरलेले तीन कधीच बरोबर नव्हते, कारण त्यातली मुकी अक्षरं नंतर कोणीतरी आणून बसवलेली आहेत. म्हणजे शब्दातली काही अक्षरं खरे जीवाश्म आहेत आणि काही चक्क बनावट! ही सगळी भानगड झाली कशी ते जमेल तसं सांगतो.

क्नाइफ म्हणणारे खरे इंग्रज

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत लोक साधारणपणे बोलत तसंच लिहीत. घराला 'हूस' म्हणत, एच-यू-एस असं लिहीत. राणी होती सी-डब्ल्यू-ई-एन. चाकूतला 'क' स्पष्ट ऐकू येई. बुधवार हा वोडन नावाच्या देवाचा वार, त्यामुळे त्यातला 'ड' लोक खरंच म्हणत. नाइट, म्हणजे सरदार, हा शब्द चौदाव्या शतकात चॉसरच्या काळीसुद्धा 'क्निख्त'च्या जवळपास उच्चारला जात होता. त्यातला जी-एच म्हणजे घसा खरवडून काढलेला 'ख'. जर्मन शिकलेल्यांनी 'नाख्ट' (रात्र) आठवावा, तोच तो. शाळेत के-एन-आय-जी-एच-टी घोकताना 'क्निघ्ट' म्हणणारा पोरगा चॉसरला कदाचित कळला असता. इंग्रजीच्या मास्तरांना मात्र नाही.

१०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे लिखापढी फ्रेंच वळणाच्या कारकुनांच्या हातात गेली. नवीन टीम आली की कोडिंग स्टँडर्ड बदलतात, तसंच इथे झालं. 'क्व' लिहायची फ्रेंच पद्धत क्यू-यू, म्हणून राणीचं स्पेलिंग क्वीन झालं. 'ऊ' लिहायची फ्रेंच पद्धत ओ-यू, म्हणून हूसमध्ये 'ओ' आला. उच्चार तेव्हाही हूसच होता बरं का.

त्याच कारकुनांची आणखी एक अडचण होती. त्यांच्या अक्षरवळणात आय, यू, एन, एम, व्ही ही सगळी अक्षरं उभ्या दांड्यांची बनलेली. यू च्या शेजारी एन किंवा एम आला की पानावर नुसतं कुंपण दिसायचं. कुठला दांडा कुणाचा, काही कळायला मार्ग नाही. मग वाचणाऱ्याची सोय म्हणून ते अशा ठिकाणी यू ऐवजी गोल ओ काढू लागले. सन (मुलगा), लव्ह, कम, वंडर, मंक या शब्दांत 'अ' ऐकू येतो आणि ओ दिसतो, त्याचं कारण बहुतेक अभ्यासकांच्या मते हेच. थोडक्यात, नऊशे वर्षांपूर्वीचा फॉन्टचा प्रॉब्लेम आपण आजही पाठ करतोय.

अंडी मागायला गेलेला व्यापारी

आता येतो या गोष्टीचा नायक, विल्यम कॅक्स्टन. हा मूळचा व्यापारी, उमेदीची कितीतरी वर्षं ब्रूज आणि आसपासच्या भागात काढलेला. पन्नाशीच्या आसपास त्याला छपाईचं वेड लागलं आणि १४७६ साली त्यानं लंडनच्या वेस्टमिन्स्टरमध्ये इंग्लंडचा पहिला छापखाना टाकला.

त्याच्यापुढे मोठाच प्रश्न होता. इंग्रजी म्हणजे नेमकी कुठली? दर पन्नास मैलांवर भाषा वेगळी. १४९० साली छापलेल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यानं याचा एक मस्त किस्सा दिलाय. काही व्यापारी थेम्स नदीतून जहाजानं हॉलंडच्या दिशेनं निघाले होते. वारा पडला म्हणून वाटेत किनाऱ्यावर उतरले. त्यातल्या एकानं एका घरी जाऊन बाईकडे खायला मागितलं, खास करून 'एग्ज'. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. हा भडकला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं! शेवटी दुसऱ्यानं 'आयरन' मागितली, तेव्हा बाईला समजलं की यांना अंडी हवीत. उत्तरेत अंड्याला एक शब्द, दक्षिणेत दुसरा. कॅक्स्टन विचारतो, आता मी छापू काय?

यावर कुठली कमिटी बसली नाही. कॅक्स्टननं लंडनच्या आसपासची, सरकारी दरबारी वापरातली भाषा धरली आणि बाकी निर्णय खिळे जुळवणाऱ्यांनी घेतले. आणि हे खिळे जुळवणारे होते तिकडून, म्हणजे आजच्या बेल्जियम-हॉलंडच्या बाजूनं आलेले. इंग्रजी त्यांची मातृभाषा नव्हे. भुताला इंग्रजीत साधं जी-ओ-एस-टी लिहीत. यांच्या गावाकडे याच शब्दात जी नंतर एच लिहायची पद्धत, म्हणून त्यांनी हात बसलेला तसा एच टाकला. त्यांनी गूज, गर्ल आणि गोटमध्येही तो टाकून पाहिला होता, पण तिथला गेला. भुतातला मात्र गेला नाही. घोस्टमध्ये आज जो एच आहे तो अक्षरशः भूत आहे. उच्चारात कधीच नव्हता, कुठल्या नियमातही नाही, पाचशे वर्षांपूर्वी एका परक्या कामगारानं सवयीनं टाकला आणि रिव्ह्यूमध्ये कोणी पकडला नाही.

आता ऑनसाइटला जाऊन दुसऱ्याच्या भाषेत कोड लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांना या माणसाबद्दल जरा जिव्हाळा वाटायला हरकत नाही :-)

फ्रीझ आधी, बदल नंतर

खरा घोळ पुढचा आहे. छापखान्यामुळे स्पेलिंग हळूहळू गोठू लागलं. आणि नेमक्या त्याच सुमारास इंग्रजीचे सगळे दीर्घ स्वर जागा बदलायला लागले. साधारण १४०० ते १७०० या काळात झालेल्या या उलथापालथीला ओटो येस्पर्सन या डॅनिश भाषातज्ज्ञानं पुढे 'ग्रेट व्हॉवेल शिफ्ट' असं नाव दिलं. आपण 'स्वरांचं महास्थलांतर' म्हणू.

यात काय झालं? आधी टाइमचा उच्चार 'टीम'सारखा होता, तो टाइम झाला. 'नाम'सारखा शब्द नेम झाला. हूसचा हाउस झाला. 'फेट'सारखा शब्द फीट (पावलं) झाला. म्हणजे ए, ई, आय ही अक्षरं पूर्वी जवळपास आपल्या आ, ए, ई सारखीच वाचत, युरोपातल्या बाकी भाषांत आजही वाचतात तशीच. इंग्रजीत आवाज पुढे सरकले, अक्षरं मात्र मागेच राहिली. शाळेत आपल्याला 'ए' ला 'ए' का म्हणायचं आणि 'आय' ला 'आय' का, याचं उत्तर कोणी दिलं नव्हतं. ते हे आहे.

त्यात सगळे शब्द एकाच वेगानं सरकले नाहीत. मीट सरकला, ग्रेट आणि ब्रेक अर्ध्यात थांबले, ब्रेड वेगळ्याच गल्लीत गेला. चौघांतही ई-ए तसंच. याच काळात नाइफमधला 'क' गेला आणि जी-एच चा 'ख' सुद्धा गेला. तो काही ठिकाणी साफ मुका झाला (थ्रू, दो, बाउ), काही ठिकाणी त्याचा 'फ' झाला (कफ, इनफ, लाफ).

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर डॉक्युमेंटेशन फ्रीझ केलं आणि त्यानंतर तीनशे वर्षं प्रॉडक्ट बदलत राहिलं. डॉक्युमेंट कोणीच अपडेट केलं नाही. अशा कंपन्या आपण पाहिल्यात की नाही?

पंडितांनी घुसवलेली अक्षरं

इथवरची अक्षरं निदान प्रामाणिक होती. सोळाव्या शतकात मात्र विद्वान मंडळी मैदानात उतरली. हा लॅटिनच्या भक्तीचा काळ. इंग्रजी ही तशी गावंढळ भाषा, तिचं मोठ्या घराण्याशी नातं दिसलं पाहिजे, असं यांना वाटायचं. (आपल्याकडे साध्या मराठी शब्दाला ओढूनताणून संस्कृत करणारे असतात, त्यांचे हे इंग्रज चुलतभाऊ.)

कर्जासाठी फ्रेंचमधून आलेला शब्द होता 'डेट', बी शिवाय. पंडित म्हणाले, लॅटिनमध्ये मूळ 'डेबितुम' आहे, तेव्हा बी पाहिजे. बी घातला. डाउटमध्ये 'दुबितारे'च्या नावानं बी घातला. रिसीटमध्ये पी घातला, सॅमनमध्ये एल घातला, इंडाइटमध्ये सी घातला. आयलंडची तर कमाल आहे. तो शब्द जुन्या इंग्रजीतला, लॅटिनशी काडीचा संबंध नाही. पण फ्रेंचमधून आलेला 'आइल' दिसायला सारखा, त्याचं मूळ लॅटिन 'इन्सुला', म्हणून यालाही एस चिकटवला. चुकीच्या माणसाला दत्तक घेऊन त्याला घराण्याचं आडनाव दिलं!

बरं, हे काम तरी नीट करावं ना? रिसीटमध्ये पी घातला, पण त्याच घरातल्या डिसीट आणि कन्सीटमध्ये राहूनच गेला. १७५५ साली डॉ. सॅम्युअल जॉन्सननं आपली प्रसिद्ध डिक्शनरी काढली, सुमारे ४२,००० शब्दांची. त्यात रिसीट पी सकट आणि डिसीट पी शिवाय, दोन्ही तसेच घेतले. ही डिक्शनरी इतकी गाजली की लोक तिलाच प्रमाण मानू लागले. विसंगतीसुद्धा प्रमाण झाली.

गंमत म्हणजे त्या काळीही याची टिंगल होत होती. शेक्सपिअरच्या 'लव्हज लेबर्स लॉस्ट' या नाटकात (१५९८ साली छापलेलं) होलोफर्नीस नावाचा एक शाळामास्तर आहे. लोक डाउट आणि डेटमधला 'ब' उच्चारत नाहीत, याचा त्याला भयंकर राग. प्रेक्षकांनी हसायचं ते या मास्तराला, 'ब' न म्हणणाऱ्यांना नव्हे.

आणि आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. फॉल्ट हा शब्द घ्या, आपल्या धंद्यात रोज लागणारा. हाही फ्रेंचमधून एल शिवाय आला होता. पंडितांनी त्यात एल घातला. बराच काळ लोक तो एल म्हणत नव्हते. ऑलिव्हर गोल्डस्मिथच्या १७७० सालच्या 'द डेझर्टेड व्हिलेज' या कवितेत फॉल्टचं यमक 'ऑट' या शब्दाशी जुळवलंय, म्हणजे उच्चार 'फॉट' असाच होता. पुढे छापील शब्द बघून बघून लोक तो 'ल' उच्चारू लागले. आज सगळं जग 'फॉल्ट' म्हणतं आणि 'फॉट' म्हणणारा अडाणी ठरेल. परफेक्टमधला 'क' असाच आला. अॅडव्हेंचरमधला 'ड' असाच आला. ऑथरमधला 'थ' सुद्धा असाच, आधी तिथे एच नव्हताच.

म्हणजे बघा. स्पेलिंग वाचून उच्चार करणं याला आपण चूक म्हणतो, पण खुद्द इंग्रजांनी अनेक शब्दांचे उच्चार असेच बनवलेत. मीटिंगमध्ये 'रिसीप्ट' म्हणणारा आपला गडी तेच करत असतो जे इंग्रजांनी फॉल्टचं केलं. फरक इतकाच की त्याच्या बाजूनं अजून पुरेशी माणसं नाहीत.

एक मुंगूस, अनेक...

थोडं विषयांतर, पण घरचं आहे म्हणून. गूजचं अनेकवचन गीज, मग मुंगसाचं, म्हणजे मंगूजचं, अनेकवचन मंगीज का नाही? कारण मंगूज हा शब्द आपला आहे! मराठी मुंगूस इंग्रजीत गेला आणि इंग्रजांच्या कानाला त्यात बदक ऐकू आलं, म्हणून स्पेलिंगमध्ये गूज शिरलं. प्राण्याचा आणि पक्ष्याचा काहीही संबंध नाही. म्हणून अनेकवचन मंगूजेस.

गूज-गीज, फूट-फीट, माउस-माइस ही एका फार जुन्या पद्धतीची उरलेली चार-दोन घरं. बुक सुद्धा एके काळी याच वाड्यात राहायचं. ती पद्धत टिकती तर एक बुक आणि अनेक 'बीच' झाले असते. सुट्टीत गोव्याला जाऊन बीचवर बीच वाचत पडता आलं असतं. असो.

दुरुस्त करायला निघालेले

हे सगळं कोणी दुरुस्त का केलं नाही? केलं की. निदान प्रयत्न तरी केले, आणि बरेचसे आपटले.

अमेरिकेत नोआ वेब्स्टर या शाळामास्तरानं स्वातंत्र्ययुद्धानंतर ठरवलं, की देश नवीन तर स्पेलिंगही नवीन हवं. १८०६ साली त्यानं एक डिक्शनरी काढली आणि १८२८ साली, सत्तरीला टेकलेला असताना, सुमारे ७०,००० शब्दांची मोठी. कलरमधला यू काढला, सेंटरचा शेवट सरळ केला. हे चाललं. पण त्यानं टंगसाठी टी-यू-एन-जी आणि विमेनसाठी डब्ल्यू-आय-एम-एम-ई-एन हेही सुचवलं होतं. ते लोकांना पचलं नाही. चाललं तेवढं मात्र दूर पोचलं. वेबपेजचा रंग बदलायला आपण जे 'कलर' टाइप करतो त्यात यू नसतो, तो वेब्स्टरचा कलर. सीएसएसला 'ग्रे' मात्र अमेरिकन आणि ब्रिटिश दोन्ही चालतात, तिथे कोणीतरी शहाणपणा केला.

नंतरचा किस्सा थिओडोर रूझवेल्टचा. १९०६ साली अँड्र्यू कार्नेगीच्या पैशांवर स्पेलिंग सुधारणारं एक मंडळ निघालं, त्यात मार्क ट्वेनसुद्धा होता. त्यांनी सोप्या केलेल्या ३०० शब्दांची यादी काढली. थ्रू म्हणजे टी-एच-आर-यू, वगैरे. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टला ही कल्पना इतकी आवडली की ऑगस्ट १९०६ मध्ये त्यानं सरकारी छापखान्याला थेट हुकूमच दिला, यापुढे हेच स्पेलिंग. वर्तमानपत्रांना आयता विषय मिळाला. डिसेंबरमध्ये अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहानं १४२ विरुद्ध २४ मतांनी ठराव केला की जुनंच स्पेलिंग हवं. रूझवेल्टनं मुकाट्यानं हुकूम मागे घेतला. प्रॉडक्शनवर शुक्रवारी टाकलेला पॅच सोमवारी रोलबॅक!

आणि जॉर्ज बर्नार्ड शॉ. 'फिश' हा शब्द जी-एच-ओ-टी-आय असा लिहिता येईल (इनफमधला जी-एच म्हणजे फ, विमेनमधला ओ म्हणजे इ, नेशनमधला टी-आय म्हणजे श) हा जोक त्याच्या नावावर खपवतात. पण १८५५ सालच्या एका पत्रात तो सापडतो आणि शॉचा जन्म १८५६ चा. स्पेलिंगचा तिटकारा मात्र त्याला खराच होता. १९५० साली तो वारला तेव्हा मृत्युपत्रात त्यानं इंग्रजीसाठी नवीन लिपी बनवायला पैसे ठेवले होते. कोर्टकचेरी झाली, १९५७ साली कोर्टानं ती अट रद्द ठरवली, शेवटी तडजोड होऊन ८,३०० पौंड लिपीच्या वाट्याला आले. स्पर्धा झाली, बक्षीस चौघांत वाटलं गेलं, त्यातल्या किंग्सली रीडनं लिपी पक्की केली आणि १९६२ साली त्या लिपीत शॉचं 'अँड्रोक्लिस अँड द लायन' हे नाटक छापून निघालं. पुढे? पुढे फारसं काहीच नाही. २००३ साली युनिकोडच्या चौथ्या आवृत्तीत या लिपीला जागा मिळाली, एवढंच.

हे सगळं फसलं त्यामागे नुसता आळस नाही. उच्चाराप्रमाणे लिहायचं, पण कुणाच्या उच्चाराप्रमाणे? लंडनच्या, टेक्सासच्या, ग्लासगोच्या की आपल्या सदाशिव पेठेतल्या? आजचं स्पेलिंग यांपैकी कुणाच्याच तोंडाशी जुळत नाही, म्हणून तर ते सगळ्यांना चालतं. शिवाय इंग्रजीला मालक नाही, हुकूम काढायला कोणी साहित्य महामंडळ नाही. आणि लिहून ठेवलेलं इतकं प्रचंड आहे की बदल केला तर पुढच्या पिढीला मागचं वाचता येणार नाही. बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी म्हणतात ती हीच.

आपल्या गल्लीतले पुरावे

याचं प्रात्यक्षिक आपल्याच धंद्यात आहे. युनिक्समध्ये नवीन फाइल बनवायचा एक सिस्टीम कॉल आहे, क्रिएट. त्याच्या स्पेलिंगमध्ये शेवटचा ई नाही. युनिक्स परत बनवायची संधी मिळाली तर काय बदलशील, असं केन थॉम्पसनला विचारलं तेव्हा तो म्हणे, मी क्रिएटमध्ये ई घालीन. तो ई अजून आला नाही, येणारही नाही.

दुसरं उदाहरण रोज तुमच्या ब्राउझरमधून जातं. तुम्ही एका पानावरच्या लिंकवरून दुसरीकडे गेलात की आधीचं पान कुठलं, हे एका हेडरमध्ये पाठवलं जातं. त्याचं नाव 'रेफरर', पण स्पेलिंगमध्ये मधला एक आर गळालाय. फिलिप हॅलम-बेकर या इंजिनिअरच्या प्रस्तावात ते तसं गेलं, मे १९९६ मध्ये आलेल्या एचटीटीपीच्या आरएफसी १९४५ मध्ये तसंच छापलं, आणि तोवर इतक्या सर्व्हरांनी ते वापरलं होतं की दुरुस्ती अशक्य. पुढे 'रेफरर पॉलिसी' नावाचा दुसरा हेडर आला, त्याचं स्पेलिंग मात्र बरोबर. म्हणजे आता दोन्ही लक्षात ठेवायची. रिसीटमध्ये पी आहे आणि डिसीटमध्ये नाही, त्याचाच हा आजचा अवतार. आणि यावेळी तर कोणी लॅटिन पंडितही नव्हता.

आणि आपण?

आता मराठी वाचकाला छाती फुगवावीशी वाटणार. आमची भाषा बघा, जशी बोलतो तशी लिहितो! थांबा जरा. 'चार' आणि 'चारा' हे शब्द मोठ्यानं म्हणून बघा. च वेगळा आहे की नाही? 'जरा थांब' मधला ज आणि म्हातारपण या अर्थाच्या 'जरा'मधला ज वेगळा आहे, लिहिताना एकच. 'घर' लिहितो, म्हणताना शेवटचा अ खातो. 'ज्ञ' मध्ये ज कुठे ऐकू येतो? आणि ऱ्हस्व-दीर्घाबद्दल तर बोलूच नका. अमेरिकेत स्पेलिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेत भारतीय वंशाची मुलं बाजी मारतात, २०१९ साली तर आठ जण एकत्र विजेते ठरले आणि त्यातले सात आपल्याकडचे. तशी ऱ्हस्व-दीर्घाची स्पर्धा पुण्यात घेतली तर विजेता जाहीर करताना परीक्षकच भांडतील.

पण एक गोष्ट आपण करून दाखवली. जुनं मराठी पुस्तक उघडा, 'नांव', 'कांहीं', 'त्यानें' असे डोक्यावर टिंबं घेतलेले शब्द दिसतील. ही टिंबं म्हणजे आपली मुकी अक्षरं. उच्चार गेला होता, खूण उरली होती. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम आले, सरकारनं मान्य केले (१९७२ साली आणखी चार आले), आणि ती टिंबं गेली. रूझवेल्टला जे जमलं नाही ते इथे जमलं, कारण राज्य नुकतंच झालेलं, पाठ्यपुस्तकं सरकारच्या हातात, आणि भाषा वापरणारे बहुतेक एकाच राज्यातले. किंमतही मोजली. त्या टिंबांत व्याकरणाची माहिती होती, ती गेली. आणि मी इथे 'केलं', 'गेलं' लिहितोय त्यावरचं टिंब मात्र बोली भाषेच्या दारानं परत आलंय.

मग बरोबर काय?

इतकं सगळं वाचून मला वाटतं ते असं. स्पेलिंग हा प्रोटोकॉल आहे. समोरचा सर्व्हर एक आर गळालेला हेडर मागतो, तर तसाच पाठवायचा, वाद घालण्यात अर्थ नाही. रेझ्युमेमध्ये रिसीटमधला पी लिहायचा आणि इंटरव्ह्यूमध्ये तो म्हणायचा नाही. चार लोकांत वावरायचं तर हे शिकावंच लागतं, आणि मराठी माध्यमाच्या मुलांना कोणीतरी ते वेळेवर सांगायला हवं. अडचण तिथे येते, जिथे आपण या प्रोटोकॉलला बुद्धीचं माप समजतो. एखाद्याचा उच्चार ऐकून त्याचं डिझाइन नीट ऐकूनच घेत नाही. मेलमधली एक चूक बघून माणूस कच्चा ठरवतो. आणि मग तो माणूस मीटिंगमध्ये गप्प बसायला शिकतो. आपल्या ऑफिसांमध्ये असे गप्प बसलेले हुशार लोक किती आहेत ते आजूबाजूला बघितलं तरी कळेल.

एका बाजूला दांडे मोजून कंटाळलेला कारकून, दुसऱ्या बाजूला सवयीनं एच टाकणारा परका कामगार, तिसरीकडे चुकीचं लॅटिन लावणारे पंडित. या सगळ्यांच्या सोयी-गैरसोयींचा गठ्ठा म्हणजे आजचं 'करेक्ट' इंग्रजी. त्याचा आदर करा, अभ्यास करा, हवं तर त्यावर प्रेमही करा. मला तर या दोन शनिवारांनंतर ते जास्तच आवडायला लागलंय.

पुढच्या वेळी कोणी 'रिसीप्ट' म्हणालं तर त्याला बाजूला घेऊन, चहा पिता पिता, पी मुका आहे एवढं सांगा. आणि वेळ असेल तर फॉल्टची गोष्टही सांगा. बराच लांबला लेख, थांबतो आता.